सुमेधचं टॅकल

उदगीरला मी रग्बी शिकवतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या मोडक्या नाकाकडे बघतो आणि मग विचारतो, "म्हणजे ते घोड्यावरचं का?" घोड्यावरचं ते पोलो. आमच्या गल्लीतला किराणा दुकानदार तर मला बरीच वर्षं 'रबडी सर' म्हणायचा, आणि तो गंमत करत होता असं मला वाटत नाही.

म्हणून आधी खेळ सांगतो. चेंडू अंड्यासारखा लांबट असतो. तो हातात घेऊन पळायचं आणि समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवायचा. अट एकच, चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. साथीदाराला द्यायचा तर बाजूला किंवा मागे. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याला समोरच्यांनी अडवायचं, म्हणजे धरून खाली पाडायचं. यालाच टॅकल म्हणतात. आमच्याकडे बहुतेक वेळा सात-सात जणांचा खेळ चालतो. सामना लहान असतो, पण त्यातून बाहेर आलेला खेळाडू मळणी यंत्रातून निघाल्यासारखा दिसतो.

मी मूळचा जळकोट तालुक्यातला. सैन्यात भरती झालो तोवर रग्बी हा शब्द कानावरूनही गेला नव्हता. माझी कबड्डीतली पकड बघून तिथल्या उस्तादांनी मला रग्बीच्या संघात ओढलं. नाक मोडलं, खांदा निखळला, पण खेळलो मनापासून. निवृत्त होऊन उदगीरला आलो. दुसरं फारसं काही येत नव्हतं, म्हणून एका कॉलेजच्या मैदानावर संध्याकाळी पोरांना शिकवू लागलो.

मैदान म्हणजे काळी माती. पावसाळ्यात बुटाला चिकटते, उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते. रग्बीला मऊ जमीन लागते, कारण या खेळात पडणं हेच निम्मं काम. पण लातूर जिल्ह्यात उन्हाळ्यात मैदानावर पाणी मारायला टँकर मागायचा कुणाकडे? बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या असताना मी कोणत्या तोंडाने मागू? मग मी मळणी यंत्रवाल्यांकडून सोयाबीनचं भुसकट आणायचो, त्याचा जाड थर पसरायचो आणि त्यावर पोरांना पडायला शिकवायचो. पोरं अंग खाजवत घरी जायची. आयांच्या शिव्या मला मिळायच्या.

पोरं कशासाठी यायची तेही लपवत नाही. खेळाचं प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत वाढीव गुण आणि नोकरीत आरक्षण. कबड्डीत, कुस्तीत गर्दी फार, रग्बीत कमी. राज्य पातळीवर पोचणं त्यातल्या त्यात सोपं. याला कुणी नावं ठेवू नयेत. ज्या घरात सगळ्यांची नजर पोलीस भरतीकडे लागलेली असते, त्या घरातलं पोरगं नुसत्या हौसेसाठी हाडं मोडून घेणार नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला लिहायला सांगितलं ते जिंकलेल्या चषकांबद्दल. आहेत काही, कपाटात आहेत. पण या कामाबद्दल खरं लिहायचं तर मला एकाच सामन्याबद्दल लिहावं लागेल.

सुमेध माझ्याकडे आला तेव्हा अकरावीत होता. उदगीरचाच. वडील लहानपणीच गेलेले, आई एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. अंगाने सडपातळ, बोलणं इतकं हळू की दोनदा विचारावं लागायचं. पण टॅकल असं करायचा की तसं मी सैन्यातही फार कमी जणांना करताना पाहिलं. टॅकल करताना वाकायचं, नजर वर ठेवायची, खांदा समोरच्याच्या कंबरेला लावायचा आणि आपलं डोकं त्याच्या पाठीमागच्या बाजूला ठेवायचं. मी पोरांना सांगायचो, "तुमचा गाल त्याच्या ढुंगणाला लागला पायजे." पोरं खी खी हसायची. सुमेध हसायचा नाही, तसं करून दाखवायचा.

त्याला एकच खोड होती. समोरच्याला पाडलं की लगेच हात पुढे करून त्याला उठवायचा. मी ओरडायचो, "अरे, आधी चेंडू बघ! पाहुणचार नंतर कर!" तो मान डोलवायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच करायचा.

सामना लातूरला होता. निवडीचे सामने चालले होते आणि आमची गाठ नांदेडच्या संघाशी पडली. त्यांचे प्रशिक्षक एका शाळेतले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. माणूस सज्जन, पण रग्बी ते एका शिबिरात शिकलेले, तेवढीच. संघात पोरं कमी पडत होती म्हणून त्यांनी कबड्डीतली चार पोरं घेतली होती. यात त्यांना एकट्याला काय बोलणार? आम्ही सगळेच प्रशिक्षक तेव्हा म्हणायचो की कबड्डीचं पोरगं रग्बीत आयतं बसतं.

त्यातला एक माधव. हदगाव तालुक्यातल्या एका गावचा, घरी कापूस आणि सोयाबीनची शेती. चढाईपटू म्हणून त्याच्या भागात त्याचं नाव होतं. पायात वीज होती पोराच्या. पहिल्या हाफमध्ये त्याने आमच्या दोघांना चकवून चेंडू टेकवला, तेव्हा मी मनातल्या मनात म्हणालो, हे पोरगं आपल्याला मिळालं असतं तर!

दुसऱ्या हाफमध्ये तो पुन्हा सुटला. डाव्या बाजूने, रेषेच्या कडेकडेने. समोर फक्त सुमेध. सुमेध तिरका धावत आला, वाकला, नजर वर, खांदा कंबरेच्या उंचीला. शिकवावं तसं. आणि त्याच क्षणी माधवने डोकं खाली घातलं आणि पुढे झेप घेतली.

कबड्डीतला चढाईपटू हेच करतो. चार जणांनी धरलं की तो डोकं खाली घालून मधल्या रेषेकडे झेपावतो, नुसतं बोट टेकलं तरी सुटला. वर्षानुवर्षं केलेली ती सवय. रेषा दिसली आणि अंगाने आपोआप तेच केलं. जिथे कंबर असायला हवी होती तिथे डोकं आलं. सुमेधच्या खांद्यावर माधवचा टाळू आदळला.

लोक विचारतात, आवाज आला का? नाही आला. दोघं पडले. सुमेध उठला आणि नेहमीसारखा त्याने हात पुढे केला. माधवने तो धरला नाही. सुमेध तसाच हात पुढे करून उभा राहिला.

मी शिट्टीच्या आधीच धावत सुटलो होतो. सैन्यात आम्हाला शिकवलं होतं ते एकच डोक्यात होतं. गुडघ्यावर बसून मी माधवचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि ओरडलो, "कुणी हात लावू नका! पाणी पाजू नका! उठवू नका!" त्याचे डोळे उघडे होते. चेहऱ्यावर वेदना नव्हती, त्याचीच मला भीती वाटली.

"सर," तो म्हणाला, "पायावर कोण बसलंय? उठवा की त्याला."

त्याच्या पायावर कुणीच बसलं नव्हतं. नांदेडची पोरं गोल करून उभी होती. त्यांच्यातल्या एकाने माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

मैदानावर रुग्णवाहिका नव्हती. असायला हवी हे आयोजकांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. आलेली नाही हे सकाळीच दिसत होतं, तरी सामने सुरू झाले. कुणीच म्हटलं नाही की थांबा. स्ट्रेचरही नव्हतं. शेवटी मैदानालगतच्या शाळेच्या वर्गातला सुटा लाकडी फळा आणला, त्यावर मोठी बेरीज लिहिलेली होती. मी डोकं धरून ठेवलं, बाकीच्यांना एकदम उचलायला सांगितलं आणि फळ्यासकट माधवला एका टेम्पोत ठेवलं. दवाखान्यापर्यंत मी त्याचं डोकं तसंच धरून होतो. रस्त्यातल्या प्रत्येक गतिरोधकाआधी मी टेम्पोवाल्याला ओरडून वेग कमी करायला लावायचो. माधव सारखा विचारत होता, "चेंडू टेकला का सर? टेकला का?"

मी म्हणालो, "टेकला." खरं तर टेकला नव्हता.

मानेचा मणका मोडला होता, मज्जारज्जू दबला होता. त्याला हैदराबादला नेलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी माधवच्या वडिलांना जे सांगितलं त्याचा अर्थ एवढाच होता की पोरगं वाचेल, पण मानेखालचं शरीर त्याचं ऐकणार नाही. खांदे थोडे हलायचे आणि उजव्या हाताचं मनगट.

उदगीरला परत आल्यावर सुमेध माझ्या घरी आला. बसला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, "सर, मी बरोबर केलतं का?"

"बरोबर केलंस. मी पाहिलंय. पंचांनी पाहिलंय."

"मग आसं कामून झालं?"

तो सरावाला यायचा बंद झाला नाही, पण एकदा मी टॅकलचा सराव घेतला तेव्हा त्याच्या दिशेने पोरगं धावत आलं, सुमेध वाकला, हात उघडले आणि ऐन वेळी बाजूला सरकला. त्या पोराला चक्क वाट करून दिली. मग बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी घरी गेला. खेळाडू म्हणून ती त्याची शेवटची संध्याकाळ.

पोलिसांचा निरोप आला. माधवचे चुलते किशनराव यांनी तक्रार दिली होती की मुद्दाम मान मोडली. मी सुमेधला घेऊन चौकीत गेलो. साहेब वाईट नव्हते, पण त्यांना खेळच कळत नव्हता.

"सर, मला एक सांगा," ते म्हणाले, "हा खेळ हाय का मारामारी?"

"खेळ आहे साहेब. नियम आहेत त्याचे."

"नियमात माणूस पाडतेत?"

"नियमातच पाडतेत."

त्यांनी टेबलावरचा पेन उचलला, पुन्हा ठेवला आणि सुमेधकडे बघून विचारलं, "तुझी काय दुश्मनी व्हती का रे त्याच्यासंगं?"

"मी त्याला वळखतबी न्हवतो साहेब," सुमेध म्हणाला. साहेबांना ऐकू गेलं नाही. त्याला मोठ्याने सांगावं लागलं.

तक्रारीत जातीचा उल्लेख नव्हता. पण गावात बोललं जात होतं. पोरानं मुद्दाम केलं, असं कुणी म्हणायचं, मग दुसरा पोराचं आडनाव विचारायचा. आडनाव कळलं की बोलणाऱ्याचा आवाज बदलायचा. सुमेधचं घर बौद्ध, माधवचं गाव बहुतेक मराठा शेतकऱ्यांचं. आमच्या भागात एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. मैदानावर जे घडलं ते अर्ध्या क्षणात घडलं होतं आणि त्यात कुणाला कुणाचं आडनाव माहीत नव्हतं. पण मैदानाबाहेर त्याला शेकडो वर्षं चिकटायला लागली होती.

अशात माधवचे वडील दत्तराव यांचा फोन आला. त्यांच्याशी मी दवाखान्यात बोललो होतो. कमी बोलणारा माणूस. म्हणाले, "सर, माधवला घरी आणलंय. एकदा येऊन जा. त्या पोराला घेऊन या."

सुमेधच्या आईला मी सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "सर, तिकडं आपलं कोण हाय? काय झालं तर कोण धावून येईल? नका नेऊ माझ्या लेकराला."

"मी आहे की ताई."

"तुमी एकटे हाव," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं.

सुमेध मात्र म्हणाला, "आई, मला जाऊ दे. न्हाईतर मला झोप लागणार न्हाई." ती पुन्हा पोळ्या लाटू लागली. आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. नांदेडला गाडी बदलली. हदगावपर्यंत सुमेध खिडकीबाहेर बघत होता. कापसाची वेचणी चालली होती.

माधवचं घर गावाच्या कडेला, सिमेंटच्या पत्र्यांचं, पुढे सारवलेलं अंगण. अंगणात दहा-पंधरा माणसं होती. किशनराव भिंतीला टेकून उभे होते. माधव ओसरीत, उशाशी उंच केलेल्या बाजेवर होता. त्याची आई त्याच्या पायाशी बसली होती. तिने आमच्याकडे पाहिलं नाही.

दत्तरावांनी आम्हाला पाणी दिलं. मग सगळ्यांसमोर मला म्हणाले, "सर, मला खेळातलं काय कळत न्हाई. डॉक्टरनं सांगितलं मान कशी मोडली ते, पण मला समजंना गेलंय. मला करून दाखवा."

"काय करून दाखवू?"

"त्या दिवशी जे झालं ते. समजा मी माधव. हे पोरगं हायच." ते अंगणाच्या मध्ये जाऊन उभे राहिले. "ये रे."

सुमेध जागचा हलला नाही. "मला नगं म्हणा सर," तो पुटपुटला.

"कामून?" किशनराव भिंतीजवळून म्हणाले. "तवा बरा आला व्हतास धावत!"

"किशन, गप," दत्तराव म्हणाले. त्यांनी सुमेधकडे पाहिलं. "हळू ये. मला बघायचंय."

मी सुमेधच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "चल, मी सांगतो तसं कर." तो चालत गेला. मी सांगत गेलो, वर्गात सांगावं तसं, कारण दुसऱ्या कोणत्या आवाजात ते सांगता आलं नसतं. हा असा तिरका आला. इथे वाकला. नजर वर. सुमेध वाकला आणि त्याने खांदा दत्तरावांच्या कंबरेला लावला, इतका अलगद की धोतराची घडीही हलली नाही. त्याचे हात त्यांच्या मांड्यांभोवती आले.

"इथपर्यंत बरोबर," मी म्हणालो. "असं झालं असतं तर माधव नुसता खाली पडला असता आणि उठला असता."

"मग?"

पुढचं सांगणं मला जड जात होतं. बापाला सांगायचं होतं की तुमच्या पोराने डोकं खाली घातलं. अंगणातली सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. ओसरीतून आवाज आला.

"बाबा, मी मुंडकं खाली घातलतं." माधव बोलत होता. "रेषा दिसली. कबड्डीत घालतो तसं घातलं. ते पोरगं बरोबर आलतं."

दत्तरावांनी हळूहळू मान खाली वाकवली, जणू स्वतःच्या अंगावर करून बघत होते. वाकता वाकता त्यांचा टाळू सुमेधच्या खांद्याला टेकला. तसेच थोडा वेळ राहिले. मग त्यांनी सुमेधचे हात सोडवले, त्याला सरळ उभं केलं आणि म्हणाले, "कळलं."

तक्रार पुढे गेली नाही. त्या दिवशी किशनराव आमच्या अंगावरून निघून गेले ते शेवटपर्यंत आमच्याशी बोलले नाहीत. त्यांचाही राग मी समजू शकतो. माणसाला कुणीतरी दोषी लागतं, नाहीतर सगळा राग देवावर नाहीतर स्वतःवर जातो.

त्यानंतर सुमेध तिथे जाऊ लागला. मी सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. कॉलेज सांभाळून, आईला न सांगता, कधी आठवड्याला, कधी पंधरा दिवसांनी. अशा रुग्णाची थोड्या थोड्या वेळाने कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. उचलताना मान आणि खांदे एका रेषेत ठेवावे लागतात. हैदराबादच्या नर्सने दत्तरावांना हे शिकवलं होतं, दत्तरावांनी सुमेधला शिकवलं. मी अधूनमधून जायचो तेव्हा पाहायचो. सुमेध माधवला जेवू घालायचा, मोबाईलवर कबड्डीचे सामने लावून तो त्याच्या डोळ्यांसमोर धरायचा. दोघं एकाच वयाचे, चढाईपटूंना शिव्या घालत बसायचे. एखाद्या अनोळख्याला वाटलं असतं, जुने दोस्त आहेत.

माधवची आई मात्र बोलत नव्हती. चहा सगळ्यांना हातात द्यायची, सुमेधचा कप त्याच्यासमोर जमिनीवर ठेवायची. जातीमुळे की रागामुळे, मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिलाही ठाऊक होतं की नाही कुणास ठाऊक. सुमेध कप उचलायचा, प्यायचा, धुऊन ठेवायचा.

एक दिवस माधवने त्याला सांगितलं, यापुढे येऊ नकोस. मी तिथे होतो. भांडण वगैरे काही नव्हतं. सुमेध नुकताच विहिरीवरून बादली घेऊन आला होता, चालत, पाणी हिंदकळत. माधव त्याच्याकडे बघत होता.

"तुझ्यावर राग न्हाई माझा," माधव म्हणाला. "पण तू चालत येतूस ना, ते बघवंना गेलंय. तू आलास की मला माझे पाय आठवतेत. नगं येऊस, सुमेध."

सुमेधने बादली ठेवली. "बरं," म्हणाला. आम्ही परतीची गाडी धरली. मी त्याची समजूत काढायला गेलो नाही. कशी काढणार होतो?

त्याने कॉलेज सोडलं आणि नांदेडला औषधांच्या गोदामात कामाला लागला. भरतीचा नाद सोडला. त्या सामन्याआधी राज्य पातळीवर खेळल्याचं प्रमाणपत्र त्याच्याकडे होतं, ते कधी कुठे जोडलं नाही. हदगावपासून तास-दीड तासावर राहून तो पुन्हा त्या गावाला गेला नाही. मला फोन करायचा. "बरं हाय का सर?" आणि मग "तिकडची खबर काय?" तिकडची म्हणजे कुठली ते सांगावं लागत नव्हतं.

मधल्या काळात मी सराव बंद केला होता. एक अख्खं वर्ष मैदानाकडे फिरकलो नाही. मग माझ्याकडे शिकलेल्या पोरीच मागे लागल्या. पोरांपेक्षा पोरी चिवट असतात, हे मी अनुभवाने सांगतो. दाराशी येऊन बसायच्या. शेवटी पुन्हा सुरू केलं. आता माझ्याकडे आलेल्याला पहिले काही महिने टॅकल करू देत नाही. नुसते मानेचे व्यायाम आणि पडणं. कबड्डीतून आलेल्याला तर मी डोकं वर ठेवायला इतकं छळतो की काही जण कंटाळून निघून जातात. जाऊ देत. रुग्णवाहिका नसेल तर संघ मैदानात उतरवत नाही. त्यापायी आम्ही काही सामने न खेळता हरलो, आयोजकांनी तोंडं वाकडी केली. दुसरे प्रशिक्षक मागे हसतात, म्हातारा भ्यालाय म्हणतात. बरोबर म्हणतात. एवढं करून खेळ सुरक्षित झाला का? नाही झाला. पालक विचारतात तेव्हा मी तसंच सांगतो. काही जण पोरीला घेऊन जातात, काही जण ठेवतात. जे ठेवतात त्यांच्या डोळ्याला डोळा देणं मला जड जातं.

माधव गेला तो थंडीच्या दिवसांत. पाठीची जखम चिघळली, ताप चढला, तो उतरला नाही. दत्तरावांनी सकाळी फोन केला. एवढंच म्हणाले, "सर, सुटला."

मी सुमेधला फोन लावला. सांगितलं. पलीकडून गोदामात खोके सरकवल्याचे आवाज येत होते. मग त्याने विचारलं, "सर, आता येऊ का?"

"ये," मी म्हणालो.

मी उदगीरहून पोचेपर्यंत दुपार झाली होती. सुमेध माझ्या आधीच पोचला होता, पण गावात शिरला नव्हता. फाट्यावर एका बंद टपरीशी उभा होता, गोदामाचाच निळा शर्ट अंगात. आम्ही दोघं चालत गेलो.

अंगण माणसांनी भरलं होतं. तिरडी बांधून झाली होती. माधव आत होता आणि त्याला बाहेर आणायचं होतं. किशनराव आणि भावकीतली दोन-तीन पोरं आत गेली. आम्ही कडेला उभे राहिलो. आतून कुणीतरी म्हणालं, तू पाय धर, मी बगलेत धरतो.

तेवढ्यात माधवची आई दारात आली. तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"आसं नगा धरू त्याला." मग तिने अंगणभर नजर फिरवली आणि सुमेधवर थांबली. "ये. तुला येतंय त्याला उचलाया."

किशनराव बाजूला झाले. सुमेधने चप्पल काढली आणि आत गेला. मी त्याच्या मागे गेलो. त्याने एक हात माधवच्या मानेखाली घातला, दुसरा खांद्यांखाली, डोकं आपल्या छातीशी घेतलं आणि मला, किशनरावांना कुठे धरायचं ते डोळ्यांनी दाखवलं. मग तो वाकला आणि माधवच्या कानाशी हळूच म्हणाला, "माधव, उचलायलोय हं."